फटकळ तोंडाची वंशावळ

बोरिवलीत आमच्या सोसायटीमागे एक मैदान आहे. मैदान म्हणायचं ते सवयीने. एका कोपऱ्यात जाळी लावून नेट्स चालतात, मधोमध टेनिस बॉलचे तीन सामने एकमेकांत घुसलेले असतात आणि कडेने डायबेटिसवाले चालतात. जाळीच्या मागे रोज संध्याकाळी एक काका उभे असतात. वय सत्तरीच्या पुढे, बँकेतून निवृत्त. कधीकाळी कांगा लीगच्या खालच्या एका डिव्हिजनमध्ये ऑफस्पिन टाकायचे. मुलांचा कोच वेगळा आहे, तो पगारी आहे. काकांना कुणी बोलावलेलं नाही. पण एखाद्या पोराने पहिल्याच चेंडूला आडवी बॅट फिरवली, की जाळीमागून आवाज येतो, "डोकं काय घरी ठेवून आलास?"

टीव्ही लावला तर हेच वाक्य इंग्रजीत ऐकू येतं. बोलणारा कोट घालून वातानुकूलित खोलीत बसलेला असतो आणि त्याला या वाक्याचे पैसे मिळतात. काकांचं फुकट आणि त्याचं विकत, एवढाच फरक असता तर लिहायचं कारण नव्हतं. या दोन वाक्यांच्या मधे पाऊणशे वर्षांचा प्रवास आहे. मुंबईतला खेळून थांबलेला क्रिकेटपटू फटकळ का बोलतो, कुणाला उद्देशून बोलतो आणि त्याचं बोलणं कुणाकुणाच्या हातून गेलं, हे पाहायला त्या प्रवासाच्या उगमाकडे जायला हवं.

उगम उपनगरात नाही. तो दक्षिण मुंबईच्या मैदानांवरच्या तंबूंत आणि दादर-माटुंग्याच्या क्लबांत आहे. १९४८ साली डॉ. कांगांच्या नावाने पावसाळी लीग सुरू झाली. जगात लोक पाऊस आला की क्रिकेट थांबवतात, मुंबईने पावसासाठीच एक स्पर्धा काढली. उघडी, ओली विकेट, घोट्यापर्यंत गवत, उसळी कशी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. अशा विकेटवर चाळीस धावा काढणाऱ्याला मान असायचा. आणि तंबूत परतल्यावर पहिला प्रश्न असायचा, चाळीसवर आऊट का झालास? खडूस या शब्दाचा मुंबई क्रिकेटमधला अर्थ इथे घडला. मराठीत खडूस माणूस म्हणजे कुजकट, तुसडा. मैदानावर तो शब्द बिरुद झाला: विकेट न देणारा, कौतुक न करणारा, समोरच्याला एक धावही फुकट न सोडणारा. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक याच वृत्तीने जिंकला. एवढं जिंकूनही कुणी कुणाची पाठ थोपटली असेल, असं मला वाटत नाही.

माधव मंत्रींची गोष्ट सर्वांना माहीत आहे, तरी सांगतो, कारण या वंशावळीतलं ते पहिलं नाव आहे. मंत्री चार कसोटी खेळले, दादर युनियनचे आधारस्तंभ आणि सुनील गावसकरचे मामा. लहानग्या सुनीलने मामाचा भारताचा स्वेटर कपाटातून मागितला. मामांनी दिला नाही. तो मिळवावा लागतो, असं सांगितलं. दुसऱ्या घरात भाच्याला स्वेटर घालून फोटो काढला असता. रमाकांत आचरेकर सर तर याच्याही पुढे. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिन म्हणाला, की एकोणतीस वर्षांत सर मला एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत, मी शेफारून जाईन म्हणून. ते भाषण ऐकताना सगळा देश रडला. आचरेकरांच्या जुन्या पोरांना मात्र त्यात नवल वाटलं नसावं.

या पहिल्या पिढीचं बोलणं तोंडावर होतं. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच समोर उभा, पॅड न सोडलेला. चेंडू कुठे पडला होता हे दोघांनी पाहिलेलं. तिसरा ऐकणारा नाही, असलाच तर पुढचा फलंदाज, तोही घाबरलेला. शिवाय बोलणाऱ्याला त्यातून छदाम मिळत नसे. आणि ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोय नव्हती. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

पहिल्यांदा हा आवाज मैदानाबाहेर नेला तो विजय मर्चंट यांनी, पण ते फटकळ नव्हते. प्रथम श्रेणीत ७१.६४ ची सरासरी, जगात ब्रॅडमनखालोखाल. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ काढले आणि तीच त्यांची अखेरची कसोटी ठरली. लोक 'का थांबलात' विचारत असतानाच थांबावं, 'का थांबत नाही' विचारेपर्यंत ताणू नये, हे मत त्यांच्याच नावावर सांगितलं जातं. पुढे विविध भारतीवर रविवारी त्यांचा हिंदी कार्यक्रम लागायचा. मिल मालकाचा शांत, गुळगुळीत आवाज. घरात मटण शिजतंय, रेडिओवर मर्चंट बोलताहेत, अशा रविवारांची आठवण आमच्या आधीच्या पिढीला आहे. खरा फटकारा त्यांनी माइकवर नव्हे, समितीत दिला. १९७१ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या निवड समितीने मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकरला कर्णधार केलं. त्या वर्षी आपण वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्ही ठिकाणी मालिका जिंकलो. माइकवर सौम्य, खोलीत कठोर. आज नेमकं उलटं झालंय.

(वाचकांनी एक खेळ पाहिला असेल. मर्चंट 'ते' आहेत आणि सुनील 'तो'. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला अरेतुरे करण्यात आम्हाला अनादर वाटत नाही. मुंबईत ज्याच्यावर हक्क असतो त्यालाच 'तो' म्हणतात, आणि ज्याच्यावर हक्क त्यालाच झापतात.)

गावसकरने पुढचा टप्पा ओलांडला. १९७६ मध्ये 'सनी डेज' आलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, निवृत्ती अकरा वर्षं लांब. आत्मचरित्र म्हातारपणी लिहायचं असतं, हा संकेत त्याने मोडला. त्याच वर्षी किंग्स्टनला वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी आपल्या फलंदाजांना अंगावर मारलं आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत राहिले. त्यावर त्याने रानटीपणा हाच शब्द वापरून लिहिलं. मंत्रीमामांच्या घरचं बोलणं आता छापील झालं होतं आणि त्याचा वाचक जमैकातही होता. तोंडावर बोलणारा माणूस पहिल्यांदा पाठीमागे, पण चारचौघांत बोलू लागला.

या टप्प्याला उपनगराचा एक धागा आहे. तेव्हा क्रिकेटमधून पोट भरत नसे, नोकरी लागे. टाइम्स शील्डमध्ये ऑफिसांचे संघ उतरत: टाटा, एसीसी, मफतलाल, निरलॉन. गोरेगावच्या निरलॉनकडून गावसकर, संदीप पाटील, रवी शास्त्री खेळले. पुढे टीव्हीवर ज्यांनी देशाला क्रिकेट समजावलं त्यातल्या काहींचा पगार एकेकाळी गोरेगावच्या धाग्याच्या कारखान्याकडून येत होता. पगार कारखान्याचा, त्यामुळे क्रिकेट बोर्डाबद्दल काय बोलावं याची अट नव्हती. हे स्वातंत्र्य होतं हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. ते गेल्यावर आलं.

आता डिसेंबर १९८४. दिल्लीची कसोटी, समोर इंग्लंड. सामना वाचवता येण्यासारखा असताना कपिल देव आणि संदीप पाटील उंच फटके मारून बाद झाले. आपण हरलो. पुढच्या कोलकात्याच्या कसोटीत दोघेही नव्हते. कर्णधार गावसकर. कपिलला वगळण्याचा निर्णय निवड समितीचा होता असं तो पुढे सांगत राहिला, पण शिवाजी पार्कात तो वाद अजून मिटलेला नाही. कपिल परत आला. संदीपची मात्र दिल्लीचीच कसोटी शेवटची ठरली.

बरोबर चाळीस वर्षांनी, २८ डिसेंबर २०२४ ला मेलबर्नला ऋषभ पंतने स्कॉट बोलंडला यष्टीमागे उडवायला जाऊन झेल दिला. कॉमेंट्री बॉक्समध्ये गावसकर होता. त्याने एकच विशेषण तीनदा उच्चारलं: स्टुपिड. दिवसभर मोबाइलवर त्याच्या रील्स फिरल्या, टी-शर्ट निघाले, जाहिरात निघाली. तरुणांना वाटलं म्हातारा चिडला. मला तो म्हातारा वाटलाच नाही. दादर युनियनच्या तंबूत बसलेला कप्तान वाटला, ज्याला विकेट फेकलेली चालत नाही, मग फेकणारा कपिल असो वा पंत. सहा महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, हेडिंग्लेला पंतने शतक ठोकलं, तेव्हा त्याच माणसाने 'सुपर्ब' हा शब्दही तीनदाच म्हटला. दुसऱ्या डावात पुन्हा शतक झालं, तर बॉक्समधून हातवारे करून कोलांटी मार म्हणाला. पंतने खुणेनेच नंतर मारतो म्हटलं. मंत्रीमामा आणि आचरेकर सर यांच्या घराण्यात ही मोठी क्रांती आहे. शिव्या घराण्याच्या, शाबासकी मात्र टीव्हीची.

अर्थात गावसकरलाही त्याच्याच एका खेळीची आठवण करून देता येते. ७ जून १९७५, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडच्या ३३४ ला उत्तर देताना तो साठ षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६. आज जो फलंदाज असं खेळेल त्याची कॉमेंट्री बॉक्समध्ये काय गत होईल, हे सांगायला नको. नव्या खेळाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक जुन्या खेळाडूच्या मागे असा एक छत्तीस उभा असतो.

संदीप पाटीलने त्या डिसेंबरचा सूड घेतला असं मी म्हणणार नाही. पण नियतीला विनोदबुद्धी असते. मराठीत एक क्रीडा मासिक निघालं, खूप खपलं, आणि त्याचा संपादक होता संदीप. मासिकाचं नाव 'एकच षटकार'! ज्या फटक्याने कसोटी संपली त्याच्याच नावाखाली तो मराठी घरात पोहोचला. मला या टप्प्याचं महत्त्व फार वाटतं. बाळ ज. पंडितांनी धावतं समालोचन मराठीत रुजवलं होतं, पण खेळलेल्या माणसाचं मत, त्याच्याच नावाखाली, आपल्या भाषेत, मुलुंडच्या वाचनालयात आणि घाटकोपरच्या सलूनमध्ये वाचायला मिळणं ही गोष्ट वेगळी. सलूनमधल्या त्या अंकांची पानं दाढीच्या फेसाने चिकटलेली असत. कुणाच्या तरी मतावर कुणीतरी तिथेच वाद काढी आणि वस्तरा मधेच थांबे.

याच संदीपने पुढे २०१२ ते २०१६ निवड समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. मुदत संपताच, सप्टेंबर २०१६ मध्ये, एका मराठी वृत्तवाहिनीला मुलाखत दिली. त्यात म्हणाला, सचिनने २०१२ च्या डिसेंबरमध्ये एकदिवसीय क्रिकेट सोडलं नसतं तर आम्ही त्याला वगळलंच असतं. दुपारपर्यंत हे वाक्य हिंदीत आणि इंग्रजीत गेलं, बोर्डाने नाराजी जाहीर केली, बंद खोलीतलं बाहेर का आणलं म्हणून. मर्चंटांच्या काळी खोलीतलं खोलीत राहत असे. मला स्वतःला संदीपचं बोलणं आवडलं, पण एक प्रश्न तेव्हाही पडला होता: हे सचिनच्या तोंडावर बोलला होतास ना, मग पुन्हा सांगायची गरज कुणाला होती? उत्तर सोपं आहे. आता ऐकणारे आपण होतो.

मत बाजारात आल्यावर जकात नाकाही आलाच. दिलीप वेंगसरकरच्या वाट्याला तो दोनदा आला. कर्णधार असताना वृत्तपत्रात स्तंभ लिहिले म्हणून १९८८ मध्ये बोर्डाने त्याच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी मोहिंदर अमरनाथने निवड समितीला विदूषकांची टोळी म्हटलं, तेव्हा वातावरण कसं होतं याचा अंदाज यावा. मग काळ फिरला, दिलीप स्वतः निवड समितीचा अध्यक्ष झाला आणि २००७ मध्ये बोर्डाने फर्मान काढलं, की निवडकर्त्यांनी स्तंभ लिहू नयेत. त्याने राजीनाम्याची भाषा केली, शेवटी पदावर राहिला. २०१८ मध्ये एका कार्यक्रमात त्याने मनातलं सांगून टाकलं: २००८ मध्ये बद्रीनाथऐवजी विराट कोहलीला घेतलं, ते बोर्डातल्या बड्यांना रुचलं नाही, आणि माझं पद गेलं. हा त्याचा दावा. पण एकाच माणसाला खेळाडू म्हणून लिहिल्याबद्दल आणि निवडकर्ता म्हणून लिहिल्याबद्दलही अडवलं जातं, तर मग लिहायचं कधी? निवृत्त झाल्यावर. म्हणूनच आपल्याकडे सगळी धारदार मतं सेवानिवृत्तांची असतात. काम करणाऱ्याच्या तोंडाला करार असतो. दिलीप आता तेव्हाच्या मानाने मोकळा आहे, चेंबूरजवळ माहुलला त्याच्या अकादमीत पोरं बॅट घेऊन रांगेत उभी असतात, आणि तिथे तो काय बोलतो ते छापून येत नाही.

या वंशावळीत बायकांना कुणी शाखा दिली नाही, त्यांनी ती काढली. डायना एडुलजी १९८६ मध्ये भारतीय संघाबरोबर इंग्लंड दौऱ्यावर होती. लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये तिला बाई म्हणून प्रवेश नाकारला. तिने लगेच सुचवलं, की लॉर्ड्सच्या या क्लबने, एमसीसीने, आपलं नाव बदलून एमसीपी करावं, म्हणजे 'मेल शॉव्हिनिस्ट पिग्ज', पुरुषी अहंकाराची डुकरं. चार वर्षांनी गावसकरनेही त्याच लॉर्ड्सच्या दारावरच्या माणसांच्या वागण्यावरून एमसीसीचं सदस्यत्व नाकारलं आणि गहजब झाला. बिशनसिंग बेदीने त्याला जाहीर पत्र लिहून झापलं. एडुलजीच्या वाक्याची मात्र इतकी चर्चा झाली नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नेमलेल्या प्रशासक समितीत ती बसली आणि तिथेही असहमतीची पत्रं लिहीत राहिली. त्याच वर्षी तिने सांगितलं, की वानखेडेवर ती बोर्डाध्यक्षाचं अभिनंदन करायला गेली होती तेव्हा त्याने तिला, माझ्या हातात असतं तर महिला क्रिकेट होऊच दिलं नसतं, असं ऐकवलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा मला ते वाक्य आठवलं.

टीव्हीच्या युगाबद्दल थोडक्यात सांगायचं तर, बोर्डाने प्रसारणाची सूत्रं हातात घेतली आणि समालोचकही आपल्या पगारावर घेतले. २०१३ मध्ये इयन चॅपेलने भारतातल्या मालिकेचं काम नाकारलं, कारण निवड, प्रशासन आणि डीआरएसवर बोलू नये अशी अट होती. चॅपेल ऑस्ट्रेलियात परत जाऊ शकत होता. आपल्यांना इथेच राहायचं होतं. आणि निरलॉनसारखा कारखाना आता कुणाच्या पाठीशी नव्हता.

इथे वंशावळ शब्दशः वंशावळ होते. विजय मांजरेकर, पंचावन्न कसोटी, १९६१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद १८९, आणि मुंबई क्रिकेटमधली सर्वांत तिखट जीभ. त्यांचा मुलगा संजय. 'इम्परफेक्ट' या आत्मचरित्रात त्याने वडिलांच्या धाकाबद्दल ज्या मोकळेपणाने लिहिलंय, तो मराठी घरांत दुर्मीळ आहे. वडिलांचा स्वभाव त्याच्या फलंदाजीत तंत्र बनून उतरला आणि निवृत्तीनंतर जिभेवर आला. २०१९ च्या विश्वचषकात त्याने रवींद्र जडेजाला तुकड्यातुकड्यांत खेळणारा म्हटलं. आता बघा काय झालं. जडेजाने ट्विटरवर उत्तर दिलं: तुम्ही खेळलात त्याच्या दुप्पट सामने मी खेळलोय, आणि अजून खेळतोय. पुढचा शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. दहा जुलैला मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात जडेजाने ५९ चेंडूंत ७७ केल्या आणि अर्धशतकाला बॅट तलवारीसारखी कॉमेंट्री बॉक्सच्या दिशेने फिरवली. संजयने मान्य केलं, की त्याने माझे तुकडे केले. मार्च २०२० मध्ये बोर्डाच्या समालोचक यादीत संजयचं नाव नव्हतं.

लोक या प्रकरणात कोण बरोबर ते मोजत बसले. मला त्यात दुसरंच दिसलं. पाऊणशे वर्षांत पहिल्यांदा, पॅड न सोडलेल्या पोराने तंबूतल्या मोठ्याला उलट उत्तर दिलं होतं, आणि तेही बॅटने. पहिल्या पिढीत उलट बोलायची सोय नव्हती. ती आता आली, मोबाइलसकट. आणि तोंडावर बोलण्याची जुनी रीतही एका अर्थाने परत आली, फक्त मधे सात समुद्र आणि दहा लाख माणसं होती. तरी तोंडावर बोलताना आवाजात जी माया असायची, ती ट्विटरला पोहोचवता येत नाही.

बोलण्याने नुकसान झालेलीही माणसं आहेत. विनोद कांबळी कांजूरमार्गचा, घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या चाळीतला. सतरा कसोटी, ५४.२० ची सरासरी. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तो रडत परतला, ते चित्र सगळ्यांनी पाहिलंय. २०११ मध्ये त्याने टीव्हीवर त्याच सामन्याबद्दल शंका व्यक्त केली. पंधरा वर्षं उशीर झाल्यामुळे त्याच्यावरच सगळे तुटून पडले. मित्राने, म्हणजे सचिनने, माझ्यासाठी आणखी करायला हवं होतं असं म्हणून तो आधीच वादात सापडला होता. तेच वाक्य नाक्यावर चार मित्रांत बोलला असता, तर कुणी पाठीवर हात ठेवून घरी सोडलं असतं. दुसऱ्या टोकाला पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, एकही कसोटी नाही, बेदीच्या काळात जन्मलेला डावखुरा फिरकीपटू. तक्रार करायचा पहिला हक्क कुणाचा असेल तर शिवलकरांचा. त्यांनी आत्मचरित्राचं नाव ठेवलं 'हा चेंडू दैवगतीचा', आणि गाणी म्हटली. मार्च २०२५ मध्ये गेले, तेव्हा फटकळ म्हणून कुणाला त्यांची आठवण आली नाही.

मधल्या काळात क्रिकेटने लोकल पकडली होती. दादरमध्ये घरं परवडेनात, माणसं बोरिवलीला, मुलुंडला, डोंबिवलीला, मग विरार-पालघरला गेली. आता सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत किटबॅग दिसते ती उलट्या दिशेने आलेली असते. रोहित शर्मा बोरिवलीत आजीआजोबांकडे, चुलत्यांजवळ वाढला. आईवडील डोंबिवलीला. दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत फी माफ करून आणलं. पालघरच्या शार्दूल ठाकूरलाही त्यांनीच आणलं आणि घरी ठेवून घेतलं. मार्च २०२४ मध्ये शार्दूलने बीकेसीवर तमिळनाडूविरुद्ध उपांत्य सामन्यात शतक ठोकलं आणि लगेच सांगितलं, की तीन-तीन दिवसांच्या अंतराने रणजी सामने ठेवाल तर गोलंदाज मोडतील. पुढच्या मोसमात वेळापत्रक बदललं. महिनाभराने रोहितने एका पॉडकास्टवर आयपीएलच्या इम्पॅक्ट प्लेअर नियमाला नापसंती दिली. क्रिकेट अकरा जणांचं, बारांचं नाही, आणि या नियमामुळे शिवम दुबेसारख्यांना गोलंदाजी मिळत नाही. अंधेरीच्या पोराबद्दल बोरिवलीचा माणूस बोलत होता आणि श्रोते होते एक ऑस्ट्रेलियन नि एक इंग्रज. पुढच्या वर्षी मे महिन्यात रोहितने कसोटी सोडली. आता तो अर्धा निवृत्त आहे. पूर्ण झाल्यावर काय बोलेल याची मला उत्सुकता आहे, कारण स्टंप माइकवरचं त्याचं बोलणं ऐकलेल्या कुणालाही ठाऊक आहे, की कांगा लीगचा तंबू त्या गळ्यात जिवंत आहे.

राहता राहिली तक्रार. ती प्रत्येक पिढीत थोडी बदलते. हेल्मेट आलं तेव्हा पोरं भित्री झाली. गावसकरने स्वतः कपाळाभोवती बसणारी छोटी कवटीटोपी वापरली, तीही १९८३ नंतर. मग वन-डेने कसोटी बिघडवली, मग ट्वेन्टी-ट्वेन्टीने वन-डे, आता बाराव्या खेळाडूने ट्वेन्टी-ट्वेन्टी. प्रत्येकाला आपल्यानंतर आलेलं शेवटचं खटकतं. स्वतः आणलेलं कुणालाच खटकत नाही.

परवा जाळीमागे काका होते. तेरा-चौदा वर्षांच्या एका पोराने उलटा स्वीप मारायचा प्रयत्न केला, दांडी गुल. काकांनी नेहमीचं वाक्य टाकलं. पोराने हेल्मेट काढलं, जाळीजवळ आला, खिशातून मोबाइल काढला.

"काका, क्रिकहिरोजवर तुमचं नाव शोधलं. नाहीये."

चालणारे दोघे-तिघे थांबले. मीही थांबलो.

"आमचा स्कोअर वहीत असायचा," काका म्हणाले. "वह्या भिजायच्या."

"मग बेस्ट किती तुमचा?"

"एकोणीस. नवव्या नंबरवर. ओली विकेट होती."

पोराला हसू आलं, पण तो गेला नाही. काकांनी जाळीतून दोन बोटं घातली आणि त्याच्या कोपराला टोचलं.

"हे वर ठेव. वर म्हणजे वर. आता टाक रे कुणीतरी बॉल."

कुणीतरी टाकला.